बांधावर बाभूळ, माळावर गवत

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी खड्डे खणायला सुरुवात होते. शाळेची मुलं, ग्रामपंचायत, तरुण मंडळं, शहरातून आलेली कंपन्यांची माणसं, सगळे रोपं घेऊन निघतात. हेतू चांगलाच असतो. पण माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला, करमाळा, कर्जत, जामखेड, आष्टी अशा जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात कोणतं झाड कुठे लावायचं, हे कोणी फारसं विचारत नाही. रोपवाटिकेत जे मिळतं ते लागतं: गुलमोहर, ग्लिरिसिडिया, रेन ट्री. टँकर आहे तोवर ती जगतात. या मुलखातली चूल, शेळी आणि शेतीची अवजारं जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती बाभूळ मात्र यादीतच नसते. काटे असतात म्हणून, आणि आपोआप येते तिला काय लावायचं म्हणून.

बाभूळ लावावी, आणि ती योग्य जागीच लावावी, एवढं सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांची कोरडवाहू जमीन आहे, गायरानाचा निर्णय ज्यांच्या हातात आहे, किंवा ज्यांनी नुकतीच गावाकडे एक-दोन एकर जागा घेतली आहे, त्यांनी तो कामाला लावावा.

आधी झाड ओळखा

बाभूळ या नावाखाली आपल्याकडे निदान सहा वेगळी झाडं वावरतात. चुकीचं झाड लावलं तर पुढची पंचवीस वर्षं निस्तरावं लागतं, म्हणून ओळख पक्की हवी.

गावठी बाभळीचं खोड काळपट, उभ्या भेगांचं असतं. काटे पांढुरके, सरळ, जोडीजोडीनं येतात. पावसाळ्यात पिवळेधमक गोल गोंडे फुलतात. उन्हाळ्यात पिकणारी शेंग राखाडी, मऊ लवेची आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेली, एखाद्या मण्यांच्या माळेसारखी दिसते. अशी शेंग आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याच बाभळीला येत नाही, त्यामुळे शंका आली की शेंग पाहावी. हिवर खोडावरून लांबूनच कळतो. साल पिवळट-पांढरी, मोकळ्या जागी वाढलेल्या झाडाचा माथा पसरट, आणि पावसाळा सरता सरता फांद्यांच्या टोकांना फिकट रंगाच्या बारीक गोंड्यांचे भरगच्च तुरे. खैराचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वाकडे, फुलोरा लांबट, शेंग चपटी तपकिरी.

आता परक्या मंडळींकडे वळू. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. ती बाभळीच्या गणातली नाहीच. दसऱ्याला आपण जिला मान देतो त्या शमीची ती नातलग. तिचा फुलोरा लांबट आणि लोंबता, शेंग पिवळसर, लांब, गोडसर गराची. भर उन्हाळ्यात आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना जी काटेरी झुडपं हिरवीगार दिसतात ती बहुधा हीच. सुबाभळीला काटेच नसतात. पांढरे गोंडे आणि चपट्या शेंगांचे घोस ही तिची खूण. कोकणात रस्त्याकडेला आणि वनखात्याच्या लागवडीत दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळही बिनकाट्याची, कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या पानांची. रोपवाटिकेत नुसतं ‘बाभूळ द्या’ म्हणालात तर यांतलं काहीही पिशवीत येऊ शकतं. ‘गावठी बाभूळ’ म्हणा आणि बी कुठून आणलं तेही विचारा.

जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांसाठी एक नोंद. बाभळीचं शास्त्रीय नाव तिथे अकेशिया निलोटिका असं मिळेल. २००५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या जातींसाठी राखायचं ठरलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. तेव्हापासून आपली बाभूळ आणि हिवर व्हॅचेलिया गणात, तर खैर सेनेगालिया गणात गेला. नव्या-जुन्या नावांचं झाड एकच, हे लक्षात असलं म्हणजे पुरे.

जमीन पाहून निवड

बाभूळ कुठेही येते हा समज अर्धाच खरा आहे. ती तग कुठेही धरते, पण वाढते खोल जमिनीत. काळी भारी जमीन, ओढ्याकाठची गाळाची पट्टी, तळ्याच्या पाणलोटात पावसाळ्यात काही दिवस पाणी साचणारा भाग, या तिच्या आवडीच्या जागा. पाणी साचलेलं तिला चालतं, आणि ही सोय कोरडवाहू मुलखातल्या फार थोड्या झाडांत आहे. उसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या जमिनीतही ती उभी राहते. अशा जमिनी सुधारताना सुरुवातीला लावायच्या झाडांत तिचं नाव वर असतं. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधतात आणि पालापाचोळा खाली कुजत राहतो.

वीतभर मातीखाली मुरूम लागत असेल तर मात्र बाभळीचा हट्ट नको. तिथे हिवर लावावा, खैर लावावा, बोर राखावी. हिवर अतिशय सावकाश वाढतो. पहिली चार-पाच वर्षं तो जमिनीवर काही करतोय असं वाटतच नाही. धीर धरणाऱ्यालाच तो साथ देतो.

बी कुठून आणायचं

सर्वांत चांगलं आणि फुकट बी शेळ्यांच्या वाड्यात मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत शेळ्या बाभळीच्या वाळल्या शेंगा आवडीनं खातात आणि रात्री रवंथ करताना कठीण बिया तोंडातून टाकून देतात. काही लेंड्यांतून पडतात. या बियांचं टणक कवच मऊ व्हायला सुरुवात झालेली असते, त्यामुळे त्या लवकर रुजतात. शेजारच्या शेळीवाल्याला सांगून ठेवलं तर आठवड्याभरात मोठं गाठोडं जमतं. धनगरांचा वाडा जवळपास उतरला असेल तर फारच उत्तम.

झाडावरून शेंगा काढल्या असतील तर बी मोकळं करून त्यावर उकळी आलेलं पाणी ओतावं. आधी भांडं विस्तवावरून उतरवायचं, मग पाणी ओतायचं. बी पाण्यात घालून शिजवू नये. मग ते तसंच एक दिवस आणि एक रात्र भिजू द्यावं. फुगलेलं बी पेरणीला घ्यावं. जे फुगलं नाही त्याला तोच उपचार पुन्हा करावा. बी ज्या झाडाचं घेणार ते झाडही पारखून घ्या. सरळ खोडाचं, किडीनं न पोखरलेलं, भरपूर शेंगा धरणारं असावं.

रोपापेक्षा बी थेट जागेवर टोकावं, असं माझं ठाम मत आहे. बाभळीचं सोटमूळ पहिल्या काही आठवड्यांतच खोल जातं. पिशवीत ते तळाशी गोल फिरतं आणि असं वेटोळं झालेलं मूळ पुढे जमिनीतही सरळ होत नाही. पहिल्या उन्हाळ्यात रोपं मरतात त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. म्हणून चांगला पाऊस होऊन वीतभर ओल गेली की प्रत्येक जागी तीन-चार बिया बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोलीवर टोकाव्यात. आठ-पंधरा दिवसांत उगवण दिसते. पुढच्या वर्षी त्यांतलं जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. गुरांची वर्दळ असलेल्या जागी रोपंच लावायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये उंच पिशव्यांत बी टाकावं आणि पिशव्या महिन्यातून एकदा जागेवरून हलवाव्यात, म्हणजे खालच्या मातीत शिरलेली मुळं तुटतात.

बांधावर लावताना

बाभूळ बांधावर नको म्हणणारा शेतकरी चुकीचं बोलत नाही. तिची आडवी मुळं पिकातलं पाणी खेचतात आणि झाडालगतच्या काही ओळी मार खातात. पण याला उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत.

पहिला उपाय जातीचा. रामकाठी बाभूळ मिळाली तर बांधासाठी तीच घ्यावी. तिच्या फांद्या खोडाला धरून वर जातात, माथा अरुंद राहतो आणि सावली थोडी पडते. दुसरा उपाय दिशेचा. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पूर्व-पश्चिम बांधावरच्या झाडाची सावली उत्तरेकडच्या पिकावर लांबवर पडते. नेमकी तेव्हाच शेतात शाळू उभा असतो. उत्तर-दक्षिण बांधावर हीच सावली दिवसभरात दोन्ही बाजूंना वाटली जाते. उत्तरेकडचं शेत दुसऱ्याचं असेल तर झाड लावण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या. बांधावरून भावकीत झालेले वाद आपल्या गावांना नवे नाहीत.

तिसरा उपाय मुळांचा. झाडं तीन-चार वर्षांची झाली की बांध आणि पीक यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर काढावा आणि दर दोन-तीन वर्षांनी तो मोकळा करावा. आडवी मुळं तिथे तुटतात आणि झाड आपलं पाणी खालून घेऊ लागतं. शिवाय पावसाचं पाणीही त्या चरात मुरतं. चौथा उपाय छाटणीचा. दुसऱ्या वर्षापासून थंडीत खालच्या फांद्या काढत जाव्यात. मात्र एका वेळी झाडाच्या अर्ध्या उंचीपेक्षा वर जाऊ नये. तोडलेल्या काट्यांचं कुंपण करता येतं, आणि ते पुढच्या वर्षीच्या रोपांना राखतं.

दोन झाडांत पंधरा ते वीस फूट अंतर ठेवावं. छत्तीसगडमध्ये शेतकरी भाताच्या बांधांवर आणि खुद्द शेतातही बाभळी राखतात, दरवर्षी छाटतात आणि दहा-बारा वर्षांनी तोडून लाकूड विकतात. भात आणि बाभूळ यांची ही जोडी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेतातही ती जमू शकते.

पहिली दोन वर्षं मात्र राखण लागते. बाभळीच्या रोपाला सावली सहन होत नाही. भोवती गवत माजलं की ते पिवळं पडतं, म्हणून पावसाळ्यात दोनदा तरी हातभर घेरातलं तण काढावं. शेळी कोवळा शेंडा खाते. वाळवी आणि खोड पोखरणारी कीड यांच्याकडे लक्ष असू द्यावं, आणि पोखरलेली फांदी कापून जाळून टाकावी.

काय मिळतं

सरपण तर आहेच. बाभळीचं लाकूड जड, भरपूर उष्णता देणारं, सावकाश जळणारं. बैलगाडीच्या चाकाचे आरे, नांगर, कुळव, पाभर या सगळ्यांना तेच लागायचं. बैल कमी झाले तशी ती मागणी घटली, पण कुऱ्हाडी-कुदळीच्या दांड्यांना आजही त्याला तोड नाही. साल आणि शेंगा टॅनिननं भरलेल्या असतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरण्याची जुनी रीत आहे. बाळंतिणीच्या लाडवात बाभळीचा डिंकही घालतात. उन्हाळ्यात सालीवर उथळ खाच घेतली की तो पाझरतो. हाव धरून खोल घाव घातला तर झाड आजारी पडतं.

चाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुष्काळात माणसाचं पहिलं लक्ष तिकडे जातं. बाभळीच्या शेंगांत प्रथिनं चांगली असतात, पण टॅनिनमुळे त्या एकट्याच भरपूर घातल्या तर पचत नाहीत. कडबा किंवा वाळलेल्या गवताबरोबर, भरडून, थोड्या थोड्या द्याव्यात. भरडल्यानं बियांतलं सत्त्वही अंगी लागतं. हिवराचा पाला आणि हिरव्या शेंगा उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नयेत, त्यातून सायनाइडची विषबाधा होऊ शकते. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असल्यामुळे जनावरं अधाशासारखी खातात, पण दुसरा चारा नसताना दिवसेंदिवस त्याच खाल्ल्या तर पोट गच्च होतं आणि जनावर खंगत जातं.

तोडीच्या कायद्याचंही भान हवं. खैर हा झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातल्या अनुसूचीत आहे. स्वतःच्या शेतातला खैरसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. बाभूळ त्या अनुसूचीत नाही. तरी झाड नेमकं कोणाच्या हद्दीत उभं आहे हे पाहिल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये. ओढ्याचा काठ, गायरान, रस्त्याची कड ही तुमची मालमत्ता नाही. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो.

माळावर मात्र नको

एवढं बाभळीचं गुणगान केल्यावर आता हात जोडून सांगतो: जिवंत माळरानावर बाभूळ लावू नका. दुसरं कुठलंही झाड लावू नका.

मुरमाड, उताराचा, आठ महिने पिवळा दिसणारा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं गेलं. सरकारी कागदांवर तो ‘पडीक’. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मात्र गवताळ माळ हीच जमिनीची मूळ अवस्था आहे: गवत मुख्य, त्यात दूरदूर एखादा हिवर, एखादी बाभूळ, एखादी बोर. जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोककथांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून संशोधकांनी अलीकडे दाखवून दिलं आहे की शेकडो वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात गवताळ मुलूखच होता. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक, कर्जतजवळच्या रेहेकुरीचं काळवीट, बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, आणि मेंढ्यांच्या कळपामागे फिरणारा लांडगा, यांचं घर हाच माळ आहे. दाट झाडी उभी राहिली की हे प्राणी तिथून जातात. माळढोक तर मोकळ्या रानाशिवाय जगतच नाही, आणि आज तो महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

चुकीच्या जागी लावलेलं झाड माळ कसा गिळतं, हे आपल्या गावठी बाभळीनंच दूरदेशी सिद्ध केलं आहे. १८९० च्या दशकात ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सावलीसाठी नेली गेली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बी पसरलं, आणि तिथल्या मिचेल गवताच्या माळांवर तिची काटेरी रानं माजली. आज ऑस्ट्रेलियात ती राष्ट्रीय पातळीवर धोकादायक ठरवलेल्या तणांपैकी एक आहे. इकडे कच्छच्या बन्नी कुरणात उलट बाहेरचं झाड आलं. १९६० नंतर तिथे वेडी बाभूळ लावली गेली, तिला तिथे ‘गांडो बावळ’ म्हणतात, आणि गुरं राखणाऱ्या मालधाऱ्यांच्या कुरणाचा मोठा भाग तिनं गिळला.

मग तुमच्या समोरचा माळ जिवंत आहे की मेलेला, हे कसं ओळखायचं? पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाऊन पाहा. पवना, मारवेल, कुसळी अशा गवतांचे ठोंब जागोजाग असतील, त्यात रानफुलं असतील, चंडोल उडताना दिसत असतील, तर तिथे खड्डा खणू नये. करायचंच असेल तर चराईला दोन-तीन वर्षं आळीपाळीनं विश्रांती द्यावी आणि गवत कापून न्यावं. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली आणि गावाला चारा पुरू लागला. गवताला नव्यानं लावावं लागत नाही, त्याला फक्त उसंत लागते. याउलट माती वाहून गेलेली, खाणीनं उकरलेली, चोपण झालेली जागा असेल तर तिथे झाडं लावायला हरकत नाही.

वेडी बाभूळ काढताना

नुसती वरून तोडलेली वेडी बाभूळ दुप्पट जोमानं फुटते. तिचे डोळे जमिनीच्या खाली वीतभर खोलीपर्यंत असतात, म्हणून बुंधा तेवढा खोल खणून काढावा लागतो. जून येण्यापूर्वी हे काम उरकावं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्याच पावसात मारवेलसारख्या गवताचं बी टाकावं. जमीन उघडी राहिली तर तीच परत येते. पुढची तीन वर्षं पावसाळ्यानंतर नवी रोपं उपटत राहावं लागतं. पहिल्या वर्षी मोठ्या हौशीनं जेसीबी लावणारी गावं दुसऱ्या वर्षी फिरकत नाहीत, आणि सगळा खर्च वाया जातो. ओढ्याच्या काठावर मात्र ती एकाच दमात काढू नये, काठ ढासळतो. टप्प्याटप्प्यानं काढावी आणि रिकाम्या जागी लगोलग गावठी बाभूळ, करंज लावत जावं. दहा-पंधरा वर्षांत त्या बाभळीच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणी घरटी टांगू लागतील.

तुमच्या गावात यंदा वृक्षारोपण ठरलं असेल तर जागा ठरवण्याच्या बैठकीला जरूर जा. माळ सोडून बांध, ओढा आणि चोपण जमीन सुचवा, आणि मे महिन्यातच शेळीवाल्याकडे बियांसाठी शब्द टाकून ठेवा.